बोटीला बॉडी अर्थ नसतो: बेलापूर खाडीतल्या एका बोटीच्या वायपरचं प्रकरण

पार्श्वभूमी

बोट फायबरची, साधारण दहा मीटर लांब, एकच डिझेल इंजिन. बेलापूर-दिवाळे भागातल्या एका कोळी कुटुंबाच्या मालकीची. मासेमारी सोडून ही बोट कामगार आणि इंजिनिअर यांची ने-आण करते: खाडीतले पूल, वीजवाहिनीचे मनोरे, सर्वेक्षण. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मासेमारीच्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, पण हिची मागणी नेमकी त्याच दिवसांत. त्यामुळे भर पावसात चालवायची वेळ येते.

केबिन पुढे आहे आणि इंजिन, बॅटरी मागे. बॅटरी १२ व्होल्टची. तिथपासून केबिनमधल्या मीटरच्या पॅनेलपर्यंत वायर सात मीटर जाते आणि तितकीच परत येते, म्हणजे विजेला चौदा मीटरची वाट. हा आकडा पुढे परत परत लागणार आहे.

समोर दोन काचा, दोन्ही टफन केलेल्या. (अॅक्रिलिकच्या असत्या तर वायपरचा विषयच काढायला नको होता. काचेवर सुकलेलं मीठ आणि त्यावर फिरणारं रबर, एका मोसमात अॅक्रिलिक धुरकट होऊन जातं.) आतापर्यंत तांडेल पावसात पुढची खिडकी उघडून, डोळ्यांवर पाणी झेलत बोट चालवायचा. खाडीतले बरेच तांडेल आजही तसंच करतात. पण वाशीजवळ १९७३ चा पूल, १९९७ चा पूल, रेल्वेचा पूल आणि नंतरचे पूल अशा खांबांच्या रांगा आहेत. ओहोटीला दोन्ही बाजूंनी गाळ वर येतो आणि चालण्याजोगं पाणी अरुंद होतं. समुद्रातली टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत नजर ठेवायला सांगतो. काम देणाऱ्या ठेकेदाराने तेवढ्याच कारणासाठी वायपरची अट घातली.

बोटमालकाने तुर्भ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून व्हॅनच्या दोन वायपर मोटरी आणल्या आणि ओळखीच्या गॅरेजमधल्या वायरमनला काम दिलं. वायरमन गाड्यांच्या कामात मुरलेला होता. पुढे जे घडलं त्याचं मूळ त्याच्या अडाणीपणात नव्हतं. गाडीत जे आयतं मिळतं ते बोटीत नसतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

पहिली जोडणी

मोटरी केबिनच्या आत, काचेच्या वर बसवल्या आणि फक्त दांडा बाहेर काढला. इथपर्यंत उत्तम. एका मोटरीला चार पिना होत्या: हळू वेग, जलद वेग आणि पार्कच्या, म्हणजे बंद केल्यावर वायपर तळाशी नेऊन थांबवणाऱ्या, दोन. मायनसची वेगळी पिन नव्हती, कारण गाडीत मोटर पत्र्याला बोल्टने आवळली की पत्राच मायनस होतो, यालाच बॉडी अर्थ म्हणतात. फायबर वीज नेत नाही, हे वायरमनला माहीत होतंच. म्हणून त्याने मोटरीच्या बोल्टला वायर लावून ती मीटर पॅनेलच्या मायनसला जोडली. प्लसही पॅनेलमधूनच घेतला. पॅनेलला मागून येणारी वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची होती, पॅनेलवरचे दोन-तीन काटे आणि त्यांचे दिवे यांच्यापुरती.

स्विच साधा तीन टप्प्यांचा: हळू, बंद, जलद. दोन्ही मोटरींच्या हळू वेगाच्या वायरी एकत्र, जलदच्या एकत्र. पार्कच्या दोन्ही पिना टेप गुंडाळून सोडून दिल्या.

पहिल्या आठवड्यात तीन तक्रारी आल्या. वायपर मरतुकडे चालतात. वायपर सुरू असले की इंजिनच्या तापमानाचा काटा त्यांच्या तालावर हलतो. आणि तिसरी तांडेलाच्या शब्दांत: "बंद केला की बरोबर डोळ्यांसमोर येऊन थांबतो."

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी वाटतात. पहिल्या दोन तक्रारींचं कारण मात्र एकच आहे.

व्होल्टेज कुठे जात होतं

वायरमनने मोटरीचा प्लग काढून व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. १२.६ व्होल्ट. "बॅटरी ठीक, वायर ठीक, मोटरच ढिली," असा निष्कर्ष निघाला. पहिला चुकलेला फाटा हा. प्लग काढल्यावर वायरीतून करंटच जात नाही, मग व्होल्टेज पडेल कुठे? केसाएवढी वायर असती तरी मीटरने १२.६ च दाखवले असते.

भार चालू ठेवून मोजलं तर हिशोब असा निघतो. ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०२६ ओहम. चौदा मीटरला ०.३६ ओहम. ओल्या काचेवर दोन मोटरी मिळून ६ अँपिअर घेत होत्या, म्हणजे २.२ व्होल्ट वायरीतच संपत होते. काचेवर मीठ सुकलं की ओढ ९ अँपिअरपर्यंत जाई, आणि मोटरीपर्यंत जेमतेम ९.३ व्होल्ट पोचत. नेमकं जेव्हा जोर हवा तेव्हा जोर कमी.

तापमानाचा काटा हलत होता तोही यामुळेच. मीटर आणि मोटरी यांचा मायनस एकच, आणि तो बारीक. मोटरीचा करंट त्यातून गेला की पॅनेलकडचं मायनसचं टोक इंजिनाकडच्या मायनसच्या एक-दीड व्होल्ट वर उचललं जातं. मीटरला वाटतं सेन्सर बदलला. इंजिन थंडच असतं.

पार्कची भानगड

वायपर मोटरीच्या गिअरपेटीत एक चकती असते. तिच्यावर घासणारे संपर्क दोन गोष्टी करतात. वायपर तळाशी नसेल तेव्हा पार्कची बाहेर जाणारी वायर प्लसला जोडलेली असते. तळाशी आला की तीच वायर प्लस सोडून मायनसला जोडली जाते.

गाडीत स्विच "बंद" केला की स्विचच्या आत हळू वेगाची वायर पार्कच्या वायरीला जोडली जाते. त्यामुळे बंद केल्यावरही मोटरीला चकतीतून प्लस मिळत राहतो आणि ती फिरत राहते. तळ आला की त्याच वायरीवर मायनस येतो, मोटरीची दोन्ही टोकं एकमेकांना मिळतात आणि ती जागीच थांबते. फिरती मोटर अशी शॉर्ट केली की स्वतःच ब्रेक मारते. म्हणून गाडीचा वायपर दर वेळी त्याच जागी टक्कन थांबतो.

सगळी किमया स्विचच्या बंद स्थितीत आहे. गाडीच्या स्टिअरिंगखालच्या दांड्यात हे आयतं येतं, प्लग लावला की झालं. ते उघडून पाहायची वेळ गॅरेजात सहसा येत नाही. बाजारातल्या साध्या तीन टप्प्यांच्या स्विचमध्ये बंद म्हणजे नुसतं बंद, मधलं टोक कशालाच जोडलेलं नसतं.

वायरमनने तांडेलासमोरच्या मोटरीवर प्रयोग केला. पार्कला प्लस दिला आणि पार्कची बाहेरची वायर हळू वेगाच्या वायरीला कायमची जोडून टाकली. चावी फिरवताच वायपर सरळ तळाशी जाऊन थांबला. सगळे खूश. मग स्विच चालू केला आणि १० अँपिअरचा फ्यूज गेला.

जाणारच होता. वायपर तळाशी असताना पार्कची वायर मायनसला जोडलेली असते. तीच वायर कायमची हळू वेगाला बांधलेली, आणि स्विच त्यावर प्लस टाकतो. प्लस थेट मायनसला भिडतो, मध्ये मोटर येतच नाही.

"दोन मोटरी आहेत, फ्यूज कमी पडतोय," असं ठरलं आणि ३० अँपिअरचा फ्यूज बसला. संध्याकाळ झाली होती, काच कोरडी होती. कोरड्या काचेवर फिरवलं तर ओरखडे पडतील म्हणून वायपर चालवून पाहिला गेला नाही. चावी फिरवल्यावर वायपर तळाशीच होता. सगळं जागेवर दिसलं आणि काम संपलं.

दुसऱ्या दिवशी खाडीत सर आली. तांडेलाने स्विच दाबला, वायपर हलला नाही. होईल सुरू म्हणून त्याने स्विच तसाच ठेवला आणि खिडकी उघडली. चार-पाच मिनिटांत पॅनेलमागून जळका वास आला, मग धूर. बॅटरीचा मेन कटऑफ हाताशी होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. वेग उतरवून, खिडकीतून पाहत बोट धक्क्याला लागली.

३० अँपिअरचा फ्यूज का गेला नाही? वायरीचा ०.३६ ओहम, त्यात बॅटरी, जोड आणि संपर्क यांचा मिळून ०.१ ओहम धरा. १२.६ भागिले ०.४६ म्हणजे २७ अँपिअर. बारीक वायरीने करंट स्वतःच अडवून धरला, नेमका फ्यूजच्या खाली. पण २७ अँपिअरला त्या वायरीत मीटरला १९ वॅट उष्णता तयार होत होती, तीही बाकीच्या वायरींच्या जुडग्यात. प्लास्टिक मऊ होऊन वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. फ्यूज वायरीच्या मापाचा असायला हवा. ०.७५ च्या वायरीमागे ३० चा फ्यूज लावला तर फ्यूज टिकतो आणि वायर वितळते.

पर्याय

नव्याने काम हाती घेतलेल्या तंत्रज्ञापुढे चार वाटा होत्या.

बोटीसाठीच बनवलेल्या वायपर मोटरी घेणं ही पहिली. त्यांचा दांडा सीलबंद असतो, हात स्टेनलेसचा, आणि काहींत मोटरीच्या धातूच्या खोळीला मायनस जोडलेलाच नसतो. अॅल्युमिनियमच्या किंवा पोलादी बोटीत हा शेवटचा गुण अत्यावश्यक आहे, कारण मायनस खोळीतून बोटीच्या अंगात गेला की भटक्या करंटने धातू खाल्ला जातो. फायबरच्या बोटीत ती सक्ती नाही. किंमत कितीतरी जास्त आणि माल यायला पाऊस अर्धा सरला असता. मुंबईच्या दारूखान्यात, जहाजांच्या भंगाराच्या बाजारात, जहाजावरच्या जुन्या मोटरी पाहिल्या, त्या २४ व्होल्टच्या निघाल्या.

दुसरी वाट, आहेत त्या मोटरींवर गाडीचा पूर्ण दांडा-स्विच बसवायचा. एका मोटरीसाठी चाललं असतं. दोन मोटरी एकाच स्विचवर घेतल्या की पार्क बिघडतं. दोन्ही मोटरी तंतोतंत एकत्र तळाशी पोचत नाहीत. आधी पोचलेली पार्कच्या वायरीवर मायनस टाकते, मागे राहिलेली त्याच वायरीवर प्लस टाकत असते. पुन्हा शॉर्ट, तोही स्विच बंद असताना. स्वतः पार्क होणाऱ्या दोन मोटरींच्या वायरी एकमेकींना कधीच जोडू नयेत. ही चूक इतकी वारंवार दिसते की वेगळी पाटी लावावी.

तिसरी वाट रिलेची, म्हणजे छोट्या करंटने ओढला जाणाऱ्या विजेच्या स्विचची: प्रत्येक मोटरीला पाच पिनांचा एक रिले, आणि एका स्विचने दोन्ही रिले ओढायचे. विजेच्या दृष्टीने निर्दोष. फक्त खाऱ्या हवेत रिलेचे सॉकेट ही आणखी दोन गंजण्याच्या जागा.

चौथी वाट सर्वांत साधी आणि तीच घेतली. जलद वेग सोडून द्यायचा आणि प्रत्येक मोटरीला एक टू-वे स्विच द्यायचा. जिन्यातल्या दिव्याला असतो तसा: मधलं टोक इकडे नाही तर तिकडे. मधलं टोक मोटरीच्या हळू वेगाला, एक बाजू प्लसला, दुसरी पार्कच्या वायरीला. "चालू" म्हणजे थेट प्लस, "बंद" म्हणजे पार्क. मोटर हळू वेगात मिनिटाला ४० ते ४५ फेरे मारते. आठ-दहा नॉटने चालणाऱ्या बोटीला तेवढे पुरतात. एक बाजू बंद पडली तरी दुसरी चालते, हा वरचा फायदा.

घरातला टू-वे स्विच मात्र इथे चालत नाही. तो एसीचा असतो. डीसीची ठिणगी सहज विझत नाही आणि संपर्क जळतात. १२ व्होल्ट डीसीला किमान १५ अँपिअर लिहिलेला, रबरी टोपीचा रॉकर घेतला. तो एक टोक सोडून मगच दुसरं धरतो ना, हे मीटरवर पाहिलं. दोन्ही टोकं क्षणभर जरी एकत्र धरली, तर पार्कच्या जागी प्लस-मायनस भेटतात.

काम

मोटरी आधी काढून किनाऱ्यावर आणल्या. रंगांवर भरवसा ठेवला नाही, कंपनीगणिक रंग बदलतात. मोटर लाकडी पाटीला आवळली, मायनस खोळीला दिला, प्लस १० अँपिअरच्या फ्यूजमधून एकेका पिनेला. ज्या पिनेवर मोटर सावकाश फिरली ती हळू, ज्यावर जोरात ती जलद. उरलेल्या दोन पार्कच्या. मोटर मध्येच थांबवून मीटर लावला तर त्या दोघी एकमेकींना जोडलेल्या दिसतात. मोटर तळाच्या जागी आणली की त्यातली एक खोळीला जोडलेली दिसते. ती पार्कची बाहेरची वायर, दुसरी पार्कचा प्लस. चारही पिनांवर चिठ्ठ्या लावल्या. तांडेलाकडच्या मोटरीची गिअरपेटी उघडली तेव्हा चकतीवरचा संपर्क काळा पडलेला होता. बारीक पॉलिश कागदाने घासून, पुसून, थोडं ग्रीस लावून ती परत चालली.

जलद वेगाची पिन मोकळी राहिली तरी ती निर्जीव नसते. मोटर हळू चालत असताना त्या पिनेवर व्होल्टेज येतं. म्हणून ती वेगळ्या श्रिंक स्लीव्हने (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीने) बंद केली, नुसती टेप नाही.

वायरी सगळ्या कलई केलेल्या तांब्याच्या. साधं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आत आतपर्यंत काळं पडतं आणि बाहेरून कळतही नाही. बॅटरीपासून केबिनपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची जोडी, फक्त वायपर आणि काचेच्या पाण्याच्या पंपासाठी. नव्या मार्गाने जाणं-येणं मिळून तेरा मीटर भरलं. केबिनमध्ये सहा खणांची फ्यूजपेटी आणि शेजारी मायनसची पितळी पट्टी. तिथून प्रत्येक मोटरीपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर, जाऊन-येऊन चार मीटर. मीटर पॅनेलचा मायनस पूर्ण वेगळा ठेवला.

नवा हिशोब: मुख्य जोडीचा रोध ०.०६६ ओहम, ६ अँपिअरला ०.४ व्होल्ट. मोटरीच्या वायरीत आणखी ०.१६. एकूण ०.५६ व्होल्ट, साडेचार टक्के. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात नेव्हिगेशन दिव्यांसारख्या महत्त्वाच्या वस्तूंना ३ टक्के आणि बाकीच्यांना १० टक्के घट चालते. वायपर दुसऱ्या गटात बसतो. २.५ च्या वायरीतही हे जमलं असतं, पण मीठ साचल्यावरची ९ अँपिअरची ओढ धरून ४ घेतली. त्या ओढीलाही घट ०.८५ व्होल्टच राहते.

फ्यूज दोन पायऱ्यांत. बॅटरीजवळ १५ अँपिअर, प्लसच्या टोकापासून सात इंचांच्या आत, म्हणजे वायर घासून कुठेही शॉर्ट झाली तरी तिच्यामागे फ्यूज असतो. केबिनमध्ये प्रत्येक मोटरीला ७.५ अँपिअर. ओल्या काचेवर एक मोटर ३ आणि मिठाच्या काचेवर ४.५ घेते, तेवढ्याला तो टिकतो. हात अडकून मोटर जाम झाली तर ती १७ अँपिअर ओढते, मग काही सेकंदांत फ्यूज जातो आणि मोटर वाचते. पार्कचा प्लस आणि स्विचचा प्लस एकाच फ्यूजवर घेतले. वेगवेगळ्या फ्यूजवर घेतले तर एक गेल्यावर मोटर अर्धवट चालते आणि दोष शोधताना डोकं फिरतं.

मोटरीच्या खोळीचा मायनस हाच सर्वांत नाजूक जोड. बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा केला, कलईचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून क्रिम्प केलं, दातेरी वॉशर घातला, आवळून वरून ग्रीस. स्टेनलेसचा बोल्ट आणि अॅल्युमिनियमची खोळ यांच्यात मीठपाणी शिरलं की अॅल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते, ग्रीस त्यासाठी. क्रिम्पवर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह. डाग देऊन (सोल्डर करून) वायर जोडली नाही, इंजिनच्या थरथरीने ती डागाच्या काठावर मोडते.

वायरी तळातून नेल्या नाहीत. बोटीच्या काठाखालून आतल्या बाजूने वरून नेल्या, दर वीतभर अंतरावर क्लिप. प्लस आणि मायनस एकमेकांना पीळ देऊन. आत शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं.

दांड्याच्या भोकाला आधीच्या कामात व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन भरला होता. त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला आणि थिंबलला खातं. तो खरवडून काढला. भोकाच्या कडेला प्लायवूड दिसत होतं, ते सुकवून इपॉक्सीने बंद केलं, मग रबरी वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंट. जून सुरू झालेला, सीलंटला चोवीस तास कोरडं हवं. केबिनवर ताडपत्री बांधून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो ते, दोन दिवस निवडले. उधाणाच्या ओहोटीला बोट गाळात कलते आणि आत उभं राहून ड्रिल धरणं मुश्किल होतं.

काचेच्या पाण्यासाठी पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन, गाडीचाच छोटा पंप, दाबेपर्यंत चालणारं बटण आणि ५ अँपिअरचा फ्यूज. हे चैनीचं वाटतं, पण खाडीत पाऊस नसतानाही तुषार उडतात, आणि गोडं पाणी न मारता वायपर फिरवला की मीठ काचभर सारवलं जातं.

हात सर्वांत शेवटी बसवले. आधी मोटर नुसती चालवली, बंद केली, पार्कला थांबू दिली आणि मग हात तळाच्या जागी दांड्यावर दाबून आवळला. उलट क्रमाने केलं तर वायपर काचेच्या चौकटीवर आपटतो.

चाचणी आणि निष्पत्ती

काचेवर पाइपने पाणी सोडून दोन्ही वायपर वीस मिनिटं चालवले. इंजिन बंद असताना मोटरीच्या टोकांवर १२ व्होल्ट मिळाले, बॅटरीवर त्या वेळी १२.६. तापमानाचा काटा हलला नाही. प्रत्येक वायपर पाच वेगवेगळ्या जागी असताना बंद केला, पाचही वेळा तळाशी गेला. हात काढून मोटरीचा दांडा पकडीत धरून जाम करून पाहिला, ७.५ चा फ्यूज गेला, वायर थंड राहिली.

जून-जुलैत बोट रोज चालली. दोन गोष्टी निघाल्या. फ्यूजपेटी झाकण वर करून बसवली होती. पहिल्याच जोरदार पावसात खिडकीतून आलेलं पाणी झाकणावर साचून आत झिरपलं आणि एका खणात हिरवा गंज धरला. पेटी उभी करून वायरींची तोंडं खाली वळवली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती आणि योगायोगाने सापडली. डॅशवरचा होकायंत्राचा काटा साधारण दहा अंश चुकीचा दाखवत होता, वायपर बंद असतानाही. वायरींना पीळ होता, करंट नव्हता. दोष मोटरीतल्या कायमच्या चुंबकांचा होता. तांडेलाकडची मोटर होकायंत्रापासून वीत-सव्वा वीत अंतरावर होती. खाडीत खांब आणि मनोरे पाहून बोट चालते म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. होकायंत्र डॅशच्या दुसऱ्या टोकाला नेल्यावर फरक नाहीसा झाला.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिल्याच तक्रारीला, वायपर चालू ठेवून, मीटरची टोकं मोटरीच्या प्लस-मायनसवर ठेवली असती तर दहा व्होल्टच्या आसपासचा आकडा समोर आला असता आणि वायर बदलली गेली असती. दोन मिनिटांचं काम होतं.

फ्यूज गेला तेव्हा मोठा फ्यूज घालण्याऐवजी त्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा दिवा लावून पाहायचा होता. शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो, काहीही जळत नाही, आणि एकेक वायर सोडत गेलं की कोणत्या वायरीने दिवा मंदावतो ते दिसतं. गॅरेजात ही युक्ती सगळ्यांना माहीत असते.

कोरड्या काचेची भीती खरी होती, पण हात उचलून मोटर चालवता आली असती, किंवा बादलीभर पाणी.

मोटर आवळण्याआधी ती हातात धरून होकायंत्राजवळून फिरवायला हवी होती. हे दुरुस्तीच्या कामातही सुटलं.

स्विच निवडण्याबद्दल मात्र दोन मतं राहतात. तांडेलाला एकच स्विच हवा होता. सर आली की दोन बटणं शोधावी लागतात, अशी त्याची कुरकुर अजून आहे, आणि रात्रीच्या फेऱ्यांत ती रास्तही आहे. रिलेचा पर्याय घेतला असता तर ती मिटली असती. सध्या दोन्ही रॉकर शेजारी आणून अंगठ्याने एकदम दाबता येतील असे बसवले आहेत. चावी बंद करण्याआधी वायपर बंद करायचे, हेही त्याला सांगून ठेवावं लागलं. चावी आधी फिरवली की पार्कचा प्लस जातो आणि वायपर पुन्हा काचेच्या मधोमध उभा राहतो.

जोडणीचा आराखडा वायरींच्या मापांसह आणि फ्यूजच्या आकड्यांसह प्लास्टिकमध्ये घालून फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवला आहे. शेजारी दोन ७.५ चे आणि एक १५ चा जादा फ्यूज. ३० चा एकही बोटीवर ठेवलेला नाही.